आणून देणाऱ्याचं नाव

क्र. १. संगमरवरी पाटी. लांबी दोन फूट, रुंदी दीड. उल्हासनगर, कॅम्प नं. ३. एकाच बाजूने बघावी.

ही पाटी आमच्या वाचनालयाच्या दाराशी, उजव्या हाताला आहे. चार स्क्रूंनी भिंतीत बसवली आहे आणि स्क्रूंच्या डोक्यावर पितळेची फुलं आहेत. पाटीला मागची बाजू आहे हे समितीतल्या पंधराही जणांना माहीत आहे. सोळावी एक बाई आहे, तिला वाचता येत नाही, पण माहीत तिलाही आहे.

वस्तूचं कार्ड कसं लिहायचं ते मी एका रविवारी शिकले. ही त्या रविवारची आणि त्यानंतरच्या आठवड्यातली कार्डं. एवढ्याशा कार्डावर मजकूर मावला नाही म्हणून तो खाली वाहत गेलाय.


क्र. २. मॅटाडोर, पांढरी, भाड्याची. फेब्रुवारी १९८८, सकाळी सात.

अंबरनाथला फॅक्टरीच्या भिंतीला लागून आमची वसाहत. तिथे आम्ही वाचनालय बांधलं, आणि त्यात एक खोली वस्तुसंग्रहाची ठेवली. आपल्या माणसांच्या वस्तू, आपल्या हाताने मांडलेल्या. पण मांडायच्या कशा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून समितीने ठरवलं की एक दिवस गाडी करून आसपासचे दोन-तीन संग्रह बघून यायचे आणि जाता जाता उल्हासनगरच्या कॅम्पातून दारावरची पाटी उचलायची.

पाटीवर नाव होतं महिपती गोविंद रोकडे.

छप्पन्नच्या डिसेंबरात महिपती रोकडे जांभूळहून चालत कल्याणला आणि तिथून दादरला गेले. लाखोंच्या गर्दीत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले, चपला न काढता घरात शिरले, देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि उल्हास नदीत फेकले. जांभूळमधल्या आमच्या लोकांत हे करणारा पहिला माणूस. ही गोष्ट दर वर्षी माईकवरून सांगितली जायची आणि 'चपला न काढता' इथे टाळ्या पडायच्या. आमच्या संग्रहातली पहिली वस्तू ठरली होती तो रिकामा देव्हारा. महिपतींच्या मागे राहिलेली बायको जनाबाई, आमची जनाआई, तो द्यायला तयार होती. पुढच्या रविवारी फीतही तीच कापणार होती. म्हणून समितीत नसूनही तिला गाडीत पुढची सीट दिली होती.

गाडी तिचा मुलगा बबन चालवत होता.

"बसा, बसा, इतिहासाला उशीर होतोय," बबन ओरडला.

"तुझी गाडीच इतिहासातली आहे रे," शालन म्हणाली. शालन महिला मंडळाची चिटणीस, जिभेला हाड नसलेली. "खाली भोक आहे, साडी अडकली माझी."

"मावशी, ते भोक नाही. व्हेंटिलेशन."

माझा नवरा धर्मराज समितीचा अध्यक्ष. तो हसला नाही. त्याला वाचनालयाला त्याच्या वडिलांचं, बाळाजी उबाळेंचं नाव हवं होतं. वसाहतीतला पहिला नळ सासऱ्यांनी आणला हे खरं होतं. समितीत हात वर झाले तेव्हा महिपतींना आठ मतं पडली, बाळाजींना सात.

आठवा हात माझा होता.

त्यानंतर धर्मराज माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, उरलं तर तसंच ठेवायचा. मीठ हवं असलं तर मुलीला सांगायचा, "तुझ्या आईला सांग." बाराव्या दिवशी ही सहल ठरली आणि तो म्हणाला, "सुनेत्रा, तुझं अक्षर बरं आहे. कार्डं तू लिही."

मला किती आनंद झाला ते मी कोणाला सांगितलं नाही.


क्र. ३. लोणच्याची बरणी. शिकारपूर, सिंध. १९४७. देणारी मोतीबाई.

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये जुन्या मिलिटरी बराकीत टेकचंद मास्तरांची एक खोली आहे. दोन्ही बाजूंना जीन्स शिवायच्या मशीनचा खडखडाट, मधल्या खोलीत सिंधहून आलेल्या वस्तू. शाळेची घंटा, पत्र्याची पेटी, एक डाव्या पायाची जुती. आणि ही बरणी. आत तेल काळं पडलेलं, लोणचं तसंच.

"चव बघितली का कोणी?" बबनने विचारलं.

"बेटा, इकतालीस साल से सब यही पूछते हैं," मास्तर म्हणाले. "खा ली तो म्यूझियम खतम."

मी वही काढली. मास्तरांनी माझ्या पेनाकडे बघितलं.

"तीन चीज़ लिखने की. क्या है, कहाँ से आई, किसने दी. तीसरी सबसे बड़ी. और पूछ के लिखना, बेटी. जो हाथ में लेके आया, उसका नाम. घर के मालिक का नहीं." मग बरणीवर टिचकी मारली. "मोतीबाई का आदमी लड़ने आया था मेरे से, कार्ड पे मेरा नाम क्यों नहीं. मैंने बोला, ट्रेन में बरनी गोद में लेके तू बैठा था क्या?"

सगळे हसले. जनाआई जरा उशिरा हसली. तिला हिंदी कळत होती, पण बायकोचं नाव लिहितात हे तिला नवीन असावं. "खरंच तिचं नाव लिवलंय?" तिने मला विचारलं. मी अक्षरांवर बोट फिरवून दाखवलं.

पुढच्याच गल्लीत पाटीवाला. त्याने पाटी पाण्याने पुसून उभी केली. जनाआई म्हणाली, "त्येंचं कुठून सुरू व्हतं?" मी पुन्हा बोट ठेवलं. ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवत गेली, मग उलट आली, आणि बोट पदराला पुसलं. काळा रंग अजून ओला होता.

पाटी गोणपाटात गुंडाळून पुढच्या सीटखाली ठेवली. पाय लागू नये म्हणून जनाआईने दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली. कॅम्पातून बदलापूरपर्यंत ती तशीच होती.


क्र. ४. हे कार्ड मी लिहून फाडलं. त्यावर काय होतं ते पुढे येईल.


क्र. ५. हात, पंधरा जोड्या. अंबरनाथ, शंकराचं जुनं देऊळ.

वाटेत देऊळ लागलं. नऊशे वर्षांचं दगडी काम. थांबायचं की नाही यावर गाडीत भांडण झालं.

"इतिहास म्हणून बघायचं," धर्मराजने निकाल दिला. "पाया पडायचं नाही."

मग आम्ही देऊळ बघितलं नाही. एकमेकांचे हात बघितले. कोणी खिशात घातले, कोणी पाठीमागे बांधले. गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी शालनचे हात आपोआप उठून छातीपर्यंत आले. तिथून तिने ते हनुवटीला नेले आणि खाजवल्यासारखं केलं.

"डास आहेत मेले," ती म्हणाली.

"नऊशे वर्षांचे," बबन म्हणाला.

जनाआई उतरलीच नाही. "मला काय बघायचंय त्यात? तुमी या जाऊन," म्हणाली. आम्ही परत आलो तेव्हा ती गोणपाटाची गाठ सोडून पाटीचा एक कोपरा पदराने पुसत होती.


क्र. ६. कप, बिनकानाचे, सोळा.

बदलापूर गावात विष्णुपंतांचा संग्रह. गुरांचा गोठा झाडून, चुना मारून त्यांनी दोन रांगांत काचेची कपाटं लावली होती. विष्णुपंत मास्तरकी लवकर सोडलेले, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, उपरणं नीट घडी करून खांद्यावर. बोलणं गोड. "या, या, आपल्यासारख्यांनी यात रस घ्यावा याचा आनंद वाटतो," म्हणाले.

चहा आला. पंतांचा कप कानाचा होता, आमचे सगळे बिनकानाचे. त्यांच्या मागच्या फळीवर कानाचे कप ओळीने टांगलेले दिसत होते.

आम्ही ते बघितलं. आम्ही चहा प्यालो. धर्मराज म्हणाला, "छान आहे चहा." त्या दिवशी कोणाला तरी आम्ही काही तरी बोलायला हवं होतं. ते तिथे बोललो असतो तर कदाचित पुढचं बोलायला उरलं नसतं.


क्र. ७. देवाचे टाक, पाच. चांदीचे, पातळ. जांभूळ, १९५७. आणून देणार: महिपती गोविंद रोकडे.

हे कार्ड माझं नाही. विष्णुपंतांच्या तिसऱ्या कपाटात, डावीकडे, निळ्या शाईत होतं. बोटाएवढे चांदीचे पत्रे, त्यांवर उठावाचे देव, एकाचा कोपरा दुमडलेला.

वाचलं धर्मराजने. मोठ्याने. सगळं कार्ड वाचून झाल्यावर त्याने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. धक्का बसल्याचं तोंड नव्हतं ते. हरवलेली किल्ली सापडल्याचं होतं.

"चपला न काढता," शालन म्हणाली.

"गप गं," कोणी तरी म्हणालं.

"मी कुठं काय म्हटलं? टाळ्या वाजवा म्हटलं."

बबन कपाटापाशी गेला. कार्ड वाचलं. बापाचं नाव त्याने तीनदा वाचलं, ओठ हलत होते. "दुसरा कोणी असेल," म्हणाला.

"जांभूळमध्ये दुसरा महिपती गोविंद रोकडे?" धर्मराजने विचारलं.

तेव्हा जनाआई पुढे आली. काचेला नाक लावून तिने टाक बघितले. दुमडलेल्या कोपऱ्याशी बोट नेलं, मध्ये काच.

"म्या दिले," ती म्हणाली.

आणि तिने सगळं सांगून टाकलं. एकतीस वर्षांचं साठलेलं एका दमात.

"त्येंनी फेकले. खरंच फेकले, चपला घालून. म्या बगितलं. दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन गेले तर फडकं दगडाला अडकलेलं. काढलं. त्येंना न्हाय सांगितलं. मेलेली ढोरं वढायची बंद केली म्हणून गावानं दाणा बंद केलेला. बबन काखेत, दूध न्हाय माज्या अंगात. म्हयनाभर कळ काढली आन् मग हितं आले. पंतांच्या वडलांनी दोन पायली तांदूळ दिला. भाकर मागितली तर कोणी देत नव्हतं, चांदी म्हटल्यावर दिला."

"आणि महिपतींनी विचारलं नाही, तांदूळ कुठला ते?" धर्मराज म्हणाला.

"विचारलं. म्या म्हणलं, माज्या भावानं धाडला. खरं सांगितलं असतं तर त्येंनी तो भात खाल्ला नसता. मेले असते, पण खाल्ला नसता."

"म्हणजे देव विकून भात खाल्ला," शालन म्हणाली. "आणि आपण दर वर्षी माईकवर काय सांगतो?"

धर्मराज विष्णुपंतांकडे वळला. "आपण सांगा. कोण आलं होतं?"

विष्णुपंतांनी उपरण्याची घडी बघितली. "कार्डावर आहे ते."

"महिपती?"

"कार्डावर आहे ते," ते पुन्हा म्हणाले, तितक्याच गोड.

"हे खोटं—" बबन सुरू झाला आणि थांबला. मग आईकडे वळला. ती त्याच्याकडे बघत होती. एवढ्या माणसांत तिची आशा त्या एकट्यावर होती.

"आईनेच केलं असणार," बबन म्हणाला. "हिचंच काम आहे हे. तिला काय करायचं ते करा. पण माझ्या बापाचं नाव सोडा."

"बबन," ती म्हणाली.

"तू बोलू नकोस. घरात अन्न नव्हतं तर मरायचं होतं. सगळे मेलो असतो तर नाव तरी राहिलं असतं."

तो बत्तीस वर्षांचा होता, अंगाने भरलेला, त्या तांदळावर जगलेला.


क्र. ४, पुन्हा.

सगळे गाडीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की वही आत राहिली. परत गेले. विष्णुपंत गोठ्याच्या दारात कड्या लावत होते. वही त्यांच्याच हातात होती.

"अक्षर वळणदार आहे तुमचं," म्हणाले. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "बाईच आली होती ती."

मी उभी राहिले.

"मी इथेच होतो, सोळा-सतरा वर्षांचा. अंगणात उभी होती. पोर असं काखेत." त्यांनी डाव्या कमरेशी हात नेऊन पोराची जागा दाखवली, डोकं कुठे, पाय कुठे. "रडायचीही ताकद नव्हती त्या पोराला. वडील म्हणाले, बाईमाणसाचं काय नाव लिहायचं, नवऱ्याचं लिही. मीच लिहिलं. शाई माझी आहे."

"मग आत्ता का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तुमच्यातलं भांडण," विष्णुपंत म्हणाले. "आपण कशाला मध्ये पडा. शिवाय कार्डावर खाडाखोड बरी दिसत नाही."

त्यांनी वही माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली. मी उचलली.

गाडीपर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढ्यात मी कार्ड लिहिलं. चालता चालता, वही हातावर धरून: टाक, पाच. आणून देणारी जनाबाई. साक्षीदार विष्णुपंत. एवढ्या तीन ओळींनी महिपती सुटत होते. सुटले असते आणि नाव पाटीवर राहिलं असतं, आणि मी घरी गेले असते, आणि मुलीला कोणी तरी म्हटलं असतं, तुझ्या आईला सांग मीठ दे.

"मिळाली वही?" धर्मराजने विचारलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी हसून बोलला. हात देऊन मला गाडीत वर घेतलं.

"मिळाली," मी म्हटलं.

कार्ड मुठीत होतं. गाडी सुरू झाल्यावर मी ते फाडून त्या भोकातून सोडलं.


क्र. ८. नदीकाठचा दगड, जांभूळ. आणता येणार नाही.

जेवायला जांभूळलाच थांबायचं आधीपासून ठरलं होतं. महिपतींनी जिथून देव फेकले तिथे फोटोही काढायचा होता. आता फोटोचं नाव कोणी काढलं नाही, पण भाकरी-सुकट तर होतीच. आम्ही जेवलो. नदी सावकाश वाहत होती, पलीकडे पाणीपुरवठ्याच्या पंपांचा आवाज येत होता.

जनाआई जेवली नाही. तिला कोणी वाढलंही नाही. तिने मागितलं असतं तर वाढलं असतं.

हात धुऊन धर्मराज म्हणाला, "एक प्रश्न मिटवून टाकू. जनाआईंनी देव पाण्यातून परत काढले. म्हणजे त्यांची दीक्षा पुरी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी असो की एकतीस वर्षांनी, पुरी करायला हवी. प्रतिज्ञा म्हणाव्यात त्यांनी. इथेच, सगळ्यांसमोर."

"सगळ्या?" कोणी तरी विचारलं.

"बावीसच्या बावीस."

"अरे, साठीची बाई आहे ती."

"मग बसून म्हणाव्यात. मी काय उन्हात उभं राहा म्हटलं?"

मला वाटलं होतं बबन काही बोलेल. तो टायरला लाथ मारून हवा बघत होता.

त्या प्रतिज्ञा आमच्या घराघरांत भिंतीवर आहेत. आमच्या आईबापांनी त्या म्हटल्या तेव्हा त्यांची पाठ पहिल्यांदा सरळ झाली. त्या कोणाला शिक्षा म्हणून म्हणायला लावायच्या, हे आमच्याआधी कोणाला सुचलं नसेल.

जनाआई उठली. ती बसून म्हणणार नव्हती. धुण्याच्या दगडावर चढली, डोक्यावरचा पदर खाली घेतला, हात जोडले नाहीत, खाली सरळ सोडले. आणि म्हणायला लागली.

एक. दोन. तीन. शब्द शुद्ध, जसे लिहिलेत तसे. तिच्या बोलण्यातलं 'व्हतं' नाही, 'न्हाय' नाही. कुठे, कोणाकडून पाठ केलं असेल? वाचता येत नव्हतं तिला. कोणी तरी वाचून दाखवलं असेल, रोज थोडं थोडं, त्या उपाशी घरात.

चार. पाच. सहा. आम्हीही पुटपुटत होतो, नाही तर बरं दिसलं नसतं. नवव्याला बरेच गळाले. अकराव्याला शालनने खोकला काढला. तेराव्यापर्यंत धर्मराज ओठ हलवत होता, पण मी त्याच्या शेजारी होते आणि तो नुसतेच ओठ हलवत होता.

चौदाव्यापासून तिचा एकटीचा आवाज. पंधरा. सोळा. आणि सोळाव्याला तिने माझ्याकडे बघितलं. का माझ्याकडेच ते मला त्या वेळी कळलं नाही. मी सुकटीचा कागद घडी करत होते. सहा घड्या घातल्या.

बावीस.

टाळी वाजवावी की नाही, कोणाला कळेना. ती दगडावरून एकटी उतरली. पाय घसरला, गुडघा टेकला, उठली.

"झालं?" तिने विचारलं. "आता त्येंचं नाव ऱ्हाईल ना?"

म्हणून म्हटलं होतं तिने. आम्हाला वाटलं आम्ही तिला म्हणायला लावलं.

"ते समिती ठरवेल," धर्मराज म्हणाला. "आत्ताच घेऊन टाकू. पंधराही जण इथेच आहेत." आणि आवाज चढवून, "ज्या माणसाच्या घरातले देव आज दुसऱ्याच्या कपाटात आहेत, त्याचं नाव लायब्ररीवर द्यायचं का? खरंखोटं मी म्हणत नाही. पण उद्या कोणी बदलापूरला जाऊन ते कार्ड वाचलं तर? लोक कार्ड वाचतात. बाळाजी उबाळे वाचनालय, ज्यांना मान्य त्यांनी हात वर."

तेरा हात लगेच वर गेले. बबनने गाडीची खिडकी धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी.

माझा हात उरला. मास्तरांचं पूछ के लिखना आठवलं. विष्णुपंतांचा कमरेशी नेलेला हात आठवला. आणि धर्मराज माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, विनवल्यासारखा, लग्नाच्या पहिल्या वर्षात बघायचा तसा.

चौदा.

परत येताना जनाआई मागच्या सीटवर बसली. पुढे शालन. तिचे पाय दुखत होते. तिने चपलांसकट ते गोणपाटावर ठेवले.


क्र. १, मागची बाजू.

नवी पाटी करायची तर पुन्हा वर्गणी. ते कोणालाच नको होतं. सोमवारी मी आणि धर्मराज कॅम्पात गेलो.

"ये वाला नाम मिटाने का?" पाटीवाल्याने विचारलं.

"नको," धर्मराज म्हणाला. "दुसऱ्या बाजूला नवीन काढ. हे भिंतीकडे जाईल."

"अंदर से कोई नहीं देखेगा," पाटीवाला म्हणाला.

"देखेगा कौन?" धर्मराज म्हणाला. परत येताना त्याने मला शेअर रिक्षात कडेची जागा दिली आणि कॅम्पातली दाल-पकवानची पुडी मांडीवर ठेवली. मी खाल्ली. चांगली होती.


क्र. ९. देव्हारा. सागवानी, रिकामा. जांभूळ.

उद्घाटनाला आम्ही जनाआईला बोलावलं. आम्ही वाईट माणसं नव्हतो. फीत धर्मराजच्या आईने कापली. जनाआई आली ती देव्हारा घेऊनच, डोक्यावर, चुंबळ करून, अर्धा मैल चालत. बबन गाडीची फेरी आहे म्हणून आला नव्हता.

"कशाला आणलात?" शालन म्हणाली. "आता काय त्याचं?"

"द्येते म्हणले व्हते," जनाआई म्हणाली. "शब्द दिला व्हता."

तो घ्यावा की नाही यावर धर्मराजने क्षणभर विचार केला. जमलेले लोक बघत होते. "घ्या, घ्या," म्हणाला. "त्या कोपऱ्यात ठेवा. सुनेत्रा, कार्ड कर."

लोक पेढ्यांकडे गेले. कोपऱ्यात आम्ही दोघीच होतो. मी खाली बसून कार्ड मांडीवर घेतलं. काय आहे. कुठून आलं. तिसरी ओळ आली.

"जनाआई, कोणाचं नाव लिहू?" मी विचारलं. आयुष्यात त्या दिवशी एवढं तरी विचारलं.

तिने देव्हाऱ्याच्या आत पदर फिरवला. धूळ नव्हतीच.

"त्या दिशी म्या गाडीत खिडकीशी व्हते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "पंत तुला दारात दाखवत व्हते. असं." तिने डावा हात कमरेशी नेला. डोकं कुठे, पाय कुठे. "तवाच म्या वळखलं, त्येंनी तुला सांगितलं. म्हणलं, पोरगी येईल आन् सांगेल. मग म्हणलं, जेवल्यावर सांगेल. मग दगडावर चढले, तवा म्हणलं, आता सांगेल."

पेन कार्डावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"सोळाव्यापत्तूर वाट बगितली," ती म्हणाली.

मागून धर्मराज आला, हातात पेढ्यांचा खोका. "झालं का कार्ड? देणाऱ्याचं नाव बबनचं लिही. सभासद तो आहे."

मी जनाआईकडे बघितलं.

"लिव," ती म्हणाली. "अक्षर बरं हाय तुजं."

मी नवीन कार्ड घेतलं, कारण जुन्यावर डाग पडला होता आणि डाग बरा दिसत नाही. ते अजून तिथेच आहे. कोणालाही येऊन वाचता येईल.

देव्हारा. सागवानी, रिकामा. जांभूळ. देणार: बबन महिपती रोकडे.